चौथी शिकलेल्या आईनं सहावीचा अभ्यास कसा घ्यायचा?

"मॅडम, हिचं पुस्तक उघडलं की मला काहीच कळत नाही. मी चौथी शिकलेली, तेबी तेलुगूत. मी हिचा अभ्यास कसा घेणार?"

2023 चा ऑगस्ट होता. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, दोन रिक्षा बदलून ही आई लेकीला घेऊन माझ्याकडे आली होती. (त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आई विड्या वळते, वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर. घरात सगळे तेलुगू बोलतात, मुलीची शाळा मराठी. पाचवीपर्यंत मुलगी बरी चालली होती. सहावीच्या पहिल्या घटक चाचणीत गणितात 20 पैकी 4. शाळेतून सल्ला मिळाला, घरी मराठीच बोला आणि क्लास लावा. क्लासची फी आईनं चौकशी करून ठेवली होती. त्या फीसाठी रोज किती विड्या जास्त वळाव्या लागतील, याचा हिशोबही तिनं तोंडीच मांडला होता.

दर पावसाळ्यात अशा चार-पाच आया येतात. सहावीत मूल अचानक 'ढ' झालं असं त्यांना वाटतं. मूल तेच असतं, अभ्यासाची जात बदललेली असते. पाचवीपर्यंत 'परिसर अभ्यास' या नावाखाली एकत्र असलेलं सगळं सहावीत सामान्य विज्ञान, भूगोल, इतिहास आणि नागरिकशास्त्र असं सुटं होतं. गणितात शून्याच्या खालच्या संख्या येतात, ज्या बोटावर मोजता येत नाहीत. मग अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, गुणाकार, भागाकार. दुसऱ्या सत्रात गुणोत्तर, शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज. हे सगळं अपूर्णांकावर उभं असतं. अपूर्णांक कच्चा राहिला की पुढची चारही प्रकरणं डळमळतात, आणि घरच्यांना वाटतं पोरीचं लक्ष नाही.

मी मुलीकडे पुस्तक मागितलं. त्या वर्षी पुस्तकांचे चार भाग केले होते आणि मध्येमध्ये 'माझी नोंद' अशी वहीसारखी कोरी पानं घातली होती. तिची बहुतेक पानं कोरीच होती. अपूर्णांकांच्या धड्यानंतरच्या पानावर मात्र अगदी कोपऱ्यात, शिसपेन्सिलीनं, पुसटसं लिहिलेलं होतं : 'छेद सारखा का करायचा?'

मला भरून आलं. एवढा नेमका प्रश्न, आणि तो महिनाभर त्या कोपऱ्यात पडून होता. वर्गात विचारला का म्हटल्यावर तिनं मान हलवली. मराठीत बोलताना चुकलं की मुलं हसतात, एवढंच म्हणाली.

मी तिला कागदावर एक द्वितीयांश अधिक एक चतुर्थांश मांडायला सांगितलं. तिनं वर एक आणि एक दोन केले, खाली दोन आणि चार सहा केले. उत्तर आलं दोन षष्ठांश. ही चूक मी शेकडो वह्यांत पाहिली आहे. समजावून सांगायचा मोह आवरला आणि आईकडे वळले.

"ताई, अर्धा हजार विड्या झाल्या आणि वर पाव हजार झाल्या. एकूण किती?"

"साडेसातशे." विचार करायला तिला क्षणही लागला नाही. पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधणारी बाई ती.

"हिचं उत्तर आहे, हजाराचे सहा भाग केले आणि त्यातले दोन घेतले."

आईनं डोळे बारीक केले. "म्हणजे साडेतीनशेपण नाहीत. अगं, अर्ध्या हजाराच्या पाचशे तर आधीच होत्या ना? त्यात घातल्यावर कमी कशा झाल्या?"

मुलगी कागदाकडे बघत राहिली. मग मायलेकी तेलुगूत सुरू झाल्या. मला तेलुगू कामापुरतं कळतं. सगम म्हणजे अर्धा, पावु म्हणजे पाव. आई म्हणाली, सगम आणि पावु, मुप्पावु. मुलगी थांबली. "मुप्पावु," ती स्वतःशीच म्हणाली, आणि मग मोठ्यानं, "अम्मा, मूडु पावु! तीन पाव!"

मराठीतल्या 'पाऊण' शब्दात हे दिसत नाही. तेलुगूत पाऊणला 'तीन पाव' असंच म्हणतात. अर्ध्याचे दोन पाव करायचे, त्यात एक पाव मिळवायचा, तीन पाव. छेद सारखा का करायचा, याचं उत्तर तिच्या घरात रोज बोललं जात होतं, आणि घरी ती भाषा बंद करा असा सल्ला तिच्या आईला मिळाला होता.

हा सल्ला सोलापुरात तेलुगू आणि कन्नड घरांना सर्रास दिला जातो. चांगल्या मनानं दिला जातो, पण मला तो मुळीच पटत नाही. जी गोष्ट मूल आईच्या भाषेत सांगू शकतं, ती त्याला समजलेली असते. मराठी शब्द मागाहून त्यावर बसवता येतात. उलटं करायला गेलं की शब्द पाठ होतात, आत पोकळ राहतं.

मी आईला एकच काम दिलं. रात्री हातातलं काम बाजूला ठेवून वीस मिनिटं लेकीसमोर बसायचं आणि म्हणायचं, आज काय शिकलीस ते मला शिकव, तेलुगूत शिकव. कळलं नाही तर 'कळलं नाही' म्हणायचं, खोटी मान डोलवायची नाही. तिथं मुलगी अडली तर तो प्रश्न 'माझी नोंद'च्या पानावर लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी सरांना ते पान दाखवायचं. तोंडानं विचारायची भीती वाटते ना, मग पान विचारेल. साधी यंत्रे शिकताना तरफ येते, तेव्हा घरातली पानं कापायची कात्री समोर ठेवायची आणि टेकू कुठे ते लेकीनं दाखवायचं.

आणखी एक गोष्ट मी स्पष्ट सांगितली. शाळेतून आल्यावर मुलगी दोरा गुंडाळायला बसायची. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, त्या सुपाजवळ तिला बसवू नका. आई गप्प झाली. त्या हातांची घरातली किंमत मला माहीत होती, तरीही हे बोलायलाच हवं होतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "बघते मॅडम." क्लास मात्र तूर्त लावायचा नाही, असं आमचं ठरलं.

दिवाळीनंतर दोघी पुन्हा आल्या. सत्र परीक्षेत गणित जेमतेम निम्म्यावर आलं होतं. 'माझी नोंद'ची पानं दोन्ही बाजूंनी भरलेली, काही ठिकाणी सरांच्या लाल शाईत उत्तरं. दोरा गुंडाळणं बंद झालं होतं, सुट्टीचा दिवस सोडून. तो एक दिवस अजून बाकी आहे, त्यावर आम्ही पुन्हा बोललो.

निघताना आई दारात थांबली. "मॅडम, एक विचारू? ते वजा पाचशे म्हणजे काय असतं हो? काहीच नसलं तर शून्य झालं. शून्याच्या खाली कसं जायचं? हिनं सांगितलं, पण मला पटलं नाही."

मी तोंड उघडायच्या आतच मुलगी म्हणाली, "अम्मा, गड्ड्याच्या यात्रेला तू कारखान्यातून पाचशे रुपये उचल घेतलीस, आणि त्या आठवड्यात एकपण विडी वळली नाहीस. मग तुझं खातं कुठं असतं?"

आई थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली. "पुढचे पाचशे फुकट जातात तिथं," ती म्हणाली.

"हां. तिथं."