घरच्या भाजीचं बी पुढच्या वर्षी पेरलं तर चालतं का?
चालतं, पण वाण गावठी किंवा संकरित नसलेला सुधारित असेल तरच. संकरित वाणाचं बी पुढच्या पिढीत आईबापासारखं उतरत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे (पद्मश्री, २०२०) यांनी वाल, भात, भाज्यांचे असेच गावठी वाण जपून बीज बँक उभी केली. पद्धत जुनीच: जोमदार वेलीच्या शेंगा वेलीवरच वाळू द्यायच्या, बी सावलीत सुकवायचं, चाळलेल्या राखेत घोळवून मडक्यात भरायचं आणि तोंड शेणामातीनं लिंपायचं. दाताखाली कट्कन तुटलं की बी वाळलं समजा. मात्र वालाचं जितकं सोपं, तितकं भोपळा-काकडीचं नाही. मधमाशी शेजारच्या वाणाचे पराग आणून भेसळ करते, म्हणून एकाच पिकाचे दोन वाण जवळजवळ लावू नका.