वॉरंटी संपली, पण तक्रार आधीची आहे

प्रश्न : मी इंदूरला लोकमान्यनगरात राहते, शिकवण्या घेते. गेल्या वर्षी 2 नोव्हेंबरला जेल रोडवरच्या दुकानातून 23,500 रुपयांचा फोन घेतला, पक्कं बिल आहे. यंदा सप्टेंबरपासून बॅटरी टिकत नाही. सकाळी 100 टक्के केलेला फोन दुपारी 30 वर येतो आणि बंदच पडतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने आधी सॉफ्टवेअर अपडेट करून दिलं. ऑक्टोबरमध्ये काउंटरवरच्या मुलाने दहा मिनिटांत रीसेट करून परत दिला. नोव्हेंबरच्या मध्याला गेले, तर ‘वॉरंटी संपली, बॅटरी झिजणारच, 2,900 रुपये भरा’ असं उत्तर मिळालं. काय करू?

उत्तर : ताई, पैसे अजून भरू नका. आधी सप्टेंबरची जॉब शीट, म्हणजे फोन घेताना सेंटरने दिलेली नोंदीची पर्ची, शोधा. त्यावर तक्रारीच्या रकान्यात ‘बॅटरी लवकर उतरते’ अशा अर्थाचं काही लिहिलं असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. दोष तुम्ही मुदतीत दाखवला आणि त्यांनी तो दूर केला नाही. पुढे मुदत संपली म्हणून तो दोष तुमच्या पदरात पडत नाही. ऑक्टोबरच्या भेटीची पर्ची तुम्हाला दिलेली दिसत नाही. असं सर्रास होतं, कारण पर्ची नसली की ती भेट झालीच नाही असं म्हणायला ते मोकळे. त्या दिवशीचा एसएमएस, कॉल, काहीही असेल ते जपा.

आता ‘बॅटरी झिजणारच’ याबद्दल. ते पूर्ण खोटं नाही. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वापराने घटतेच. पण किती वापराने? पुष्कळ कंपन्या स्वतःच सांगतात की 500 चार्ज सायकलनंतरही सुमारे 80 टक्के क्षमता राहावी. काही नवे फोन त्याहून जास्त सायकलचा दावा करतात. एक सायकल म्हणजे एकूण 100 टक्के चार्ज खर्चणं, मग तो एका दमात असो की दोन दिवसांत निम्मा-निम्मा. रोज एक धरली तरी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तुमच्या सव्वातीनशेही होत नाहीत. काही फोनमध्ये सेटिंग्जमध्येच सायकलचा आकडा आणि बॅटरीची स्थिती दिसते. दिसत असेल तर आजच स्क्रीनशॉट घ्या आणि तुमच्या मॉडेलसाठी कंपनी काय म्हणते ते तिच्या वेबसाइटवरून उतरवून ठेवा. तुमच्या हातात याहून चांगला मुद्दा नाही.

प्रकरण ग्राहक आयोगात गेलं तर समोरचा वकील काय विचारेल तेही तपासून घ्या. बॅटरी एखादं ॲपच खात नाही ना? फोन दिवसभर सेफ मोडमध्ये चालवून बघा, त्यात बाहेरून टाकलेली ॲप्स बंद राहतात. दुसऱ्या चांगल्या चार्जरने आणि केबलने चार्ज करा. तरीही 30 टक्क्यांवर बंद पडत असेल तर घड्याळ शेजारी ठेवून व्हिडिओ करा. सिमच्या खाचेत बहुधा पाणी लागलं की लाल होणारी छोटी पट्टी असते, तिचाही फोटो काढा. आज पाण्याचा विषय निघालेला नाही, पण नोटीस गेली की तो हमखास निघतो. मात्र मागचं झाकण फुगलेलं किंवा उचललेलं दिसलं, तर हे प्रयोग नकोत. चार्जिंग ताबडतोब थांबवा आणि फोन सेंटरवर लेखी पोच घेऊन द्या.

बाहेरच्या दुकानात स्वस्तात बॅटरी बदलायचा मोह टाळा. जुनी बॅटरी हाच पुरावा आहे. आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागू शकते.

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळ कंपन्या तिथेच नमतात. नाही नमल्या तर दुकानदार, सर्व्हिस सेंटर आणि कंपनी या तिघांना 15 दिवसांची मुदत देणारी नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. त्यानंतर इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा, ई-जागृति पोर्टलवरूनही करता येते. कंपनीचं मुख्य कार्यालय कुठल्याही राज्यात असू द्या. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथे दाद मागता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. कागद हिंदीत करा, इथे तेच सोयीचं. उत्तराला समोरच्यांना 30 दिवस, फार तर आणखी 15 मिळतात. निकाल तीन महिन्यांत, तपासणी असल्यास पाच महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, तेवढी तयारी ठेवा.

मागणी माफक ठेवा : मोफत मूळ बॅटरी, ते न जमल्यास फोन बदलून किंवा पैसे परत, वर खर्च आणि त्रासाची वाजवी भरपाई. 23,500च्या फोनसाठी पाच लाख मागितले की खऱ्या तक्रारीचंही वजन जातं.

मधेच त्यांनी मोफत बॅटरी देऊ केली, तर माझ्या मते घ्या. फक्त ‘पूर्ण समाधान झाले’ या ओळीखाली तिथल्या तिथे सही करू नका. फोन चार दिवस वापरून बघते असं सांगा, आणि नव्या बॅटरीची वॉरंटी किती महिन्यांची ते जॉब शीटवरच लिहून, शिक्का मारून घ्या.