तक्रार आत्ता कोणाच्या हातात आहे?

वाचकांचे प्रश्न : देखभाल-दुरुस्तीच्या कामांचे संगणकीकरण

प्रश्न : आमची पुण्यात लिफ्टच्या देखभालीची लहान संस्था आहे. सुमारे चारशे लिफ्टची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) आमच्याकडे असून नऊ टेक्निशियन आणि ऑफिसात कॉल घेणाऱ्या दोघी आहेत. यंदा आम्ही फील्ड सर्व्हिसचे, म्हणजे बाहेर जाऊन करायच्या दुरुस्तीची कामे नेमून देण्याचे आणि नोंदवण्याचे, सॉफ्टवेअर घेतले. बसवून देणाऱ्यांनी तक्रारीच्या एकोणीस अवस्था (स्टेटस) करून दिल्या आहेत. टेक्निशियन दिवसभर ॲप उघडत नाहीत आणि रात्री घरी बसून सगळे कॉल एकदम क्लोज करतात. सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला की आम्हाला पुन्हा टेक्निशियनलाच फोन करून विचारावे लागते. शिस्त कशी लावावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : शिस्तीचा प्रश्न नंतर येतो, आधी त्या एकोणीस अवस्था पाहू. तुम्ही पाठवलेल्या यादीत ‘निदान सुरू’, ‘निदान पूर्ण’, ‘दुरुस्ती सुरू’ आणि ‘चाचणी सुरू’ अशा चार पायऱ्या आहेत. या चारही वेळा काम एकाच माणसाकडे असते आणि तो माणूस तेव्हा पिटमध्ये (लिफ्टखालच्या खड्ड्यात) उतरलेला किंवा लिफ्टच्या टपावर उभा असतो, त्याचे हात ग्रीसने भरलेले असतात. त्याने तिथे फोन काढावा अशी अपेक्षा करणेच चूक आहे, किंबहुना सुरक्षेच्या दृष्टीने त्याने तो काढूही नये. अवस्था ठेवायची की नाही याची कसोटी एकच असावी : ती बदलल्यावर पुढचे पाऊल उचलण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणावर जाते का, किंवा ऑफिसला ग्राहकाला काही वेगळे सांगता येते का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर ती अवस्था काढून टाकावी. या कसोटीला तुमच्या कामात ‘नोंदवली’, ‘नेमून दिली’, ‘टेक्निशियन पोहोचला’, ‘पार्टसाठी थांबली’, ‘मंजुरीसाठी थांबली’, ‘काम झाले’ आणि ‘हिशेब पूर्ण’ एवढ्याच अवस्था टिकतात. त्यांपैकी टेक्निशियनने स्वतः बदलायची वेळ एका फेरीत दोनदाच येते, पोहोचल्यावर आणि निघताना.

यादी फुगण्याचे दुसरे कारण असे दिसते की, तक्रार आणि फेरी या दोन गोष्टी एकाच नोंदीत कोंबल्या गेल्या आहेत. डोअर लॉकचा कॉन्टॅक्ट जळाला आहे, टेक्निशियन सकाळी जाऊन पाहून आला, पार्ट संध्याकाळी मिळाला आणि दुसऱ्या दिवशी तो बसवला, तर तक्रार एक पण फेऱ्या दोन होतात. मायक्रोसॉफ्ट, सेल्सफोर्स, झोहो या मोठ्या कंपन्यांच्या फील्ड सर्व्हिस प्रणालींत वर्क ऑर्डर (पूर्ण कामाची नोंद) वेगळी आणि तिच्याखालची भेट, म्हणजे फेरी, वेगळी ठेवतात ते याचसाठी. सेल्सफोर्समध्ये भेटीच्या तयार अवस्थांत ‘कॅनॉट कम्प्लीट’ अशी एक अवस्था आहे आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. टेक्निशियनला ‘गेलो होतो, पण काम होऊ शकले नाही’ हे उजळ माथ्याने सांगण्याची सोय नसेल, तर तो एक तर कॉल उघडा ठेवतो किंवा खोटाच क्लोज करतो. ही अवस्था निवडताना कारण मात्र सक्तीचे करावे : पार्ट नाही, मशीनरूमची किल्ली मिळाली नाही, सोसायटीने खर्चाला मंजुरी दिली नाही, दुसरा माणूस हवा. एवढ्या चारच कारणांत बहुतेक प्रसंग बसतात, आणि कारणावरून तक्रारीची पुढची अवस्था सॉफ्टवेअरला आपोआप ठरवता येते.

खरी गुंतागुंत थांबलेल्या कामांत आहे. करारात तुम्ही ठरावीक तासांत दुरुस्तीची हमी दिली असेल, तर त्या तासांचे घड्याळ कधी थांबवायचे हे नियमात लिहावे लागते. कोटेशन पाठवून सोसायटीच्या मंजुरीची वाट पाहत असाल तर घड्याळ थांबवणे न्याय्य आहे. पार्टसाठी थांबला असाल तर ते चालूच राहिले पाहिजे, कारण पार्ट साठ्यात नसणे हा तुमचा प्रश्न आहे, सोसायटीचा नव्हे. अनेक ठिकाणी दोन्ही प्रकार ‘प्रलंबित’ या एकाच अवस्थेत टाकतात; मग महिनाअखेरचा अहवाल झकास दिसतो आणि ग्राहक मात्र करार मोडून निघून जातात.

माणूस लिफ्टमध्ये अडकल्याचा कॉल या सगळ्या साखळीबाहेर ठेवावा. कॉल घेणारीसमोर आधी तीनच प्रश्न दिसावेत : आत कोणी आहे का, आतला दिवा चालू आहे का, लिफ्ट कोणत्या मजल्याजवळ थांबली आहे? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले की नेमणुकीची पायरी गाळून त्या भागातल्या टेक्निशियनला थेट फोन लावावा आणि नोंद मागाहून पूर्ण करावी. नोटिफिकेशनवर विसंबू नये. दुचाकीवर असलेल्या माणसाला ते दिसत नाही.

मासिक सर्व्हिसिंगच्या नोंदी करारावरून आपोआप तयार होऊ द्याव्यात, मात्र वर्षभराच्या एकदम नव्हे. तुमच्या नियोजनाच्या फलकावर आज चार हजारांवर नोंदी दिसतात त्याचे कारण हेच आहे. किती दिवस आधी नोंद तयार व्हावी याची सेटिंग बहुतेक प्रणालींत असते. ती आठ-दहा दिवसांवर आणावी.

बिघाडाच्या कारणांची यादीही छाटावी. लिफ्टच्या ब्रेकडाउनमध्ये दरवाजाशी संबंधित बिघाडांचा वाटा मोठा असतो हे तुम्हाला सांगायला नको, पण तुमच्या नोंदींत सर्वाधिक निवडलेले कारण ‘इतर’ आहे. दरवाजाच्या खालच्या खाचेत अडकलेला खडा, दरवाजा खाचेत धरून ठेवणारे झिजलेले शू, लॉकचा कॉन्टॅक्ट, सेन्सरवरची धूळ अशी टेक्निशियनच्या बोलण्यातलीच कारणे यादीत सर्वांत वर ठेवा आणि ‘इतर’ निवडल्यास फोटो सक्तीचा करा. मग त्याच लिफ्टवर महिन्याभरात पुन्हा तोच कॉल आला, तर तो जुन्या कॉलशी जोडून दाखवता येईल आणि खाच साफ करून भागले की सिल (खाच असलेली उंबऱ्याची पट्टी) बदलावे लागणार, हे नोंदींवरून ठरवता येईल. एवढे सगळे झाल्यावरही कोणी रात्रीच कॉल क्लोज करत असेल, तर तो शिस्तीचा प्रश्न समजावा.

प्रश्न : काम पूर्ण झाल्यावर ग्राहकाच्या मोबाइलवर येणारा ओटीपी टाकल्याशिवाय आमचा कॉल बंद होत नाही. सेक्रेटरी नोकरीवर असतात, बेसमेंटमध्ये रेंज नसते. काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ओटीपी घरगुती उपकरणांसाठी ठीक आहे, कारण तिथे ज्याचे उपकरण तोच समोर असतो. सोसायटीत लिफ्ट सुरू झाल्याचे पाहणारा वॉचमन असतो आणि ओटीपी जातो तो तीस किलोमीटरवर बसलेल्या सेक्रेटरींना. त्याऐवजी मशीनरूममधल्या लॉगकार्डावर वॉचमनची सही घेऊन तिचा फोटो जोडण्याची अट ठेवावी आणि सेक्रेटरींना केवळ माहितीचा संदेश जावा. दोन दिवसांत त्यांनी हरकत घेतली तर तक्रार पुन्हा उघडावी. रेंजचे म्हणाल तर ॲपचे ऑफलाइन काम सुरू आहे का ते तपासा, आणि वेळेची नोंद फोनवर बटण दाबल्याच्या क्षणाची होते की माहिती सर्व्हरवर पोहोचल्याची, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. दुसरा प्रकार असेल तर बेसमेंटमध्ये काम करणारे तुमचे सगळे टेक्निशियन कागदावर उशिरा पोहोचलेले दिसतील.

प्रश्न : मी एसी दुरुस्तीचे काम करतो. कंपनीचे ॲप माझ्या स्वतःच्या फोनवर आहे आणि ते रात्रीही लोकेशन घेते. हे चालते का? (एक टेक्निशियन, नाशिक)

उत्तर : २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरण्यास मालकाला संमतीवाचूनही काही वाव ठेवलेला आहे, त्यामुळे नुसते कायद्याचे नाव सांगून भागणार नाही. मात्र रात्रीच्या लोकेशनचा कामाशी संबंध दाखवणे मालकालाही अवघड जाईल. जवळचा कॉल कोणाला द्यायचा आणि माणूस पोहोचला का, या दोन गोष्टींसाठी ड्युटी सुरू केल्यापासून संपवेपर्यंतचे लोकेशन पुरते. हजेरी बंद केली की लोकेशनही बंद व्हावे, एवढीच लेखी मागणी सहकाऱ्यांसह करा. तोवर फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला ‘वापरात असतानाच’ लोकेशनची परवानगी देता येते. पण तसे केल्याचे पर्यवेक्षकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर दिवसा फोन खिशात असताना तुम्ही नकाशावरून नाहीसे व्हाल आणि गैरहजेरीचा वाद तुमच्याच गळ्यात पडेल.