वॉशिंग्टन घराण्याची वंशावळ : सुरुवात कुठून करावी?

वंशावळ शोधायला अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचं छान घराणं निवडलंत! पण लगेच इंग्लंडमधल्या सल्ग्रेव्ह मॅनरकडे, म्हणजे त्यांच्या पूर्वजांच्या वाड्याकडे, धावू नका. आधी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या वेस्टमोरलँड काउंटीची (जिल्ह्याची) मृत्युपत्रं आणि जमिनीचे दस्त वाचा. जॉर्ज वॉशिंग्टनपासून एकेक पिढी मागे जात पणजोबा जॉनपर्यंत पोचा. ते १६५० च्या दशकात तिथे आले.

नवख्यांची गल्लत हमखास इथे होते :

- नावं : जॉन, लॉरेन्स, ऑगस्टीन पुन्हा पुन्हा येतात. नुसत्या नावावरून नातं जोडू नका. बायकोचं नाव, जमिनीच्या सीमा, साक्षीदार ताडून पाहा.
- तारखा : १७५२ पूर्वी इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं; शिवाय त्या वर्षी कॅलेंडर बदलताना ११ दिवस गाळले गेले. म्हणून जॉर्ज यांचा जन्म जुन्या गणनेने ११ फेब्रुवारी १७३१, नव्या गणनेने २२ फेब्रुवारी १७३२. दोन्ही बरोबर!

कुलचिन्हाचा नाद सध्या नको. अडलात की बिनधास्त विचारा.