धोटा, कांडी आणि ईयोबाची आशा

एका वाचकाने विचारलंय: बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात (7:6) ‘माझे दिवस धोट्याहून वेगाने जातात आणि आशेवाचून सरतात’ अशा अर्थाची ओळ आहे. हा धोटा म्हणजे चरख्याचा नेमका कुठला भाग? आणि त्याचं अनेकवचन काय?

चरख्याचा कुठलाच भाग नाही! ‘आयुष्याच्या चरख्याचा धोटा थांबला’ हे वाक्य मी शोकसभांत इतक्यांदा ऐकलंय की आता मान खाली घालून बसतो. लोकांना वाटतं, दुःखाने. चरख्यावर सूत काढतात, कापड विणतात ते मागावर, आणि धोटा मागाचा. होडीसारखं, दोन्ही टोकांना निमुळतं लाकूड, त्याच्या पोटात सुताची कांडी. ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून ते इकडून तिकडे पळतं आणि मागे आडवा धागा, म्हणजे बाणा, सोडत जातं. इचलकरंजीत एखाद्या जुन्या यंत्रमागाशेजारी पाच मिनिटं उभे राहा. ‘वेगाने’ म्हणजे काय ते कानच सांगतील. ईयोबाचा धोटा हाताने फेकलेला, तरी पुरेसा चपळ.

बायबलात माणसाचं आयुष्य म्हणजे गवत, सावली, वाफ, हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून देऊ. खरी मेजवानी ओळीच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे, आणि तिकडे प्रश्नकर्त्याने ढुंकूनही पाहिलेलं नाही.

‘आशेवाचून’साठी मूळ हिब्रूत शब्द आहेत ‘बे-एफेस तिक्वा’. एफेस म्हणजे शेवट, अभाव. आजच्या हिब्रूत शून्याला हाच शब्द वापरतात. तिक्वा म्हणजे आशा. इस्राएलच्या राष्ट्रगीताचं नाव ‘हातिक्वा’ ते यावरूनच. पण आता यहोशवाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढा. यरीहो शहरातल्या राहाबेने इस्राएली हेरांना खिडकीतून खाली सोडलं आणि खूण म्हणून त्याच खिडकीला लाल दोरी बांधली. त्या दोरीला हिब्रूत काय म्हटलंय? ‘तिक्वत हूत हाशानी’, लाल धाग्याची दोरी. यातला हूत म्हणजे धागा. तिक्वा म्हणजे दोरीसुद्धा!

म्हणजे ईयोब एका दमात दोन गोष्टी सांगतोय. धोटा पळत राहिला आणि कांडीवरचं सूत संपलं. दिवस पळत राहिले आणि आशा संपली. शब्द एकच.

यावर कोशवाले नाक मुरडतात. तिक्वा-दोरी आणि तिक्वा-आशा अशा दोन क्रमांकांच्या दोन नोंदी करायच्या की झालं यांचं काम. अहो, शेजारी धोटा ठेवलाय कवीने, आणखी काय हवं, पावती? शिवाय या दोन नोंदींच्या मुळाशी धातू एकच, ताणणं किंवा पिळणं अशा अर्थाचा, असं मानणारे अभ्यासक आहेतच, मीही त्यांच्यातलाच. वाट पाहणं म्हणजे मन ताणून धरणं. आपला ‘ताणा’ आणि ‘तंतू’ हेही ‘तन्’ म्हणजे ताणणे यातलेच. आणि आशा व धागा यांची गाठ घालायला आपल्याला यरीहोपर्यंत जायचीही गरज नाही. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने ‘मालतीमाधवा’त ‘आशातन्तु’ हाच शब्द वापरलाय: विरहात मालतीचा जीव त्या एका धाग्यावर टिकून आहे, तो तोडू नका, असं माधव विनवतो.

मात्र यावरून लगेच ‘हिब्रू हूत म्हणजेच आपलं सूत’ असा शोध कुणी लावू नये. एका विद्वानाने तो माझ्यासमोर भर सभेत लावला होता. आपलं सूत ‘सूत्र’वरून, आणि त्याचा संबंध सिव् म्हणजे शिवण्याशी. दोन भाषांना एकच उपमा सुचू शकते, त्यासाठी त्या बहिणी असाव्या लागत नाहीत. सुतावरून स्वर्ग तो हाच.

मग मराठीत हे आणायचं कसं? नुसतं ‘आशेवाचून’ म्हटलं की सूत गळालं. ‘आशातंतू’ म्हटलं तर ईयोब संस्कृत नाटकात शिरतो. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, 1922 साली मृत्यूच्या तोंडावर ते काम पुरं केलं, आणि त्यांचा सारा आग्रह सोप्या मराठीचा. त्यांच्या धाकाने मी ‘आशेचं सूत सरलं’ इथवर येऊन थांबतो. ‘सरलं’ हे कांडीलाही चालतं, दिवसांनाही.

यशयाच्या 38व्या अध्यायात हिज्कीया राजाही विणकराचीच उपमा देतो, पण त्याचं कापड गुंडाळून मागावरून कापून काढलं जातं. कापणारा हात तिथे दिसतो. ईयोबाच्या ओळीत कुणी कात्री लावत नाही, धागाच पुरत नाही. मला ईयोबाची ओळ जास्त भयंकर वाटते.

अनेकवचन धोटे.