मत मांडणाऱ्या निबंधाची तयारी करताना मुलं उताऱ्यातली वाक्यं जशीच्या तशी उतरवतात. पुरावा स्वतःच्या शब्दांत लिहायला कसं शिकवावं?

पुस्तक मिटवा आणि मुलांना त्यांच्या बोलीत बोलू द्या. पहिली पायरी हीच, आणि नेमकी हीच आपल्याकडे करू देत नाहीत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात मी शिकवते. आठवीला विषय दिला होता, ‘कपाशीची फरदड घ्यावी का?’ फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात उभी ठेवून आणखी कापूस घेणं. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं काय केलं, ते या लेकरांच्या घरांत अजून निघतं. उताऱ्यात वाक्य होतं, ‘फरदडीमुळे बोंडअळीचा जीवनक्रम खंडित होत नाही.’ सगळ्या वह्यांत तेच, ‘खंडित’चा अनुस्वार मात्र निम्म्यांनी खाल्लेला. मी पुस्तकं दप्तरात टाकायला लावली आणि म्हटलं, आता हे घरी आजीला सांगा. मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी पोरगी उठली, “मॅडम, पराटी वावरात उभीच राह्यली त अळीले खायाले भेटते नं. मंग मरन कायले ते?” (पराटी, म्हणजे पऱ्हाटी, हे कपाशीचं झाड.)

मी ते फळ्यावर तसंच लिहिलं. मग तिनंच वहीत लिहिलं, ‘हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवली, तर अळीला खायला मिळत राहतं आणि ती जगते.’ तिच्या मताला लागणारा पुरावा तयार झाला होता.

नेमके त्याच दिवशी शाळाभेटीला आलेले साहेब फळा बघून म्हणाले, “वर्गात अशुद्ध भाषा?” शेराही तसाच लिहिला. तेव्हा मी गप्प बसले, त्याची सल आजही आहे. साहेब, ते अशुद्ध नव्हतं, वऱ्हाडी होतं. गाडगेबाबा याच बोलीत कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून बोलतं करायचे. ‘खंडित’ची नक्कल करणाऱ्या पोरांना अर्थ विचारला असता, तर एकालाही सांगता आला नसता. बोली दाबली की पोरगं उतरवणारच, दुसरं करणार काय?

नियोजनाच्या कागदावर पूर्ण वाक्य लिहू देऊ नका, चार-पाच शब्दच. वाक्य निबंध लिहिताना होऊ द्या.

एक राहिलंच. शब्द बदलताना अर्थही सरकतो. एकानं लिहिलं होतं, ‘फरदड घेतली नाही तर अळी येतच नाही.’ उतारा असं म्हणत नव्हता. म्हणून शेवटी पुस्तक पुन्हा उघडून शेजाऱ्याकडून ताडून घ्या. आकडे, सालं, नावं बदलायची नसतात. आणि शब्द आपले असले तरी माहिती उताऱ्यातली आहे, हे लिहायला लावा.