वाचकांचे प्रश्न : विंडोलांडाच्या मातीला संरक्षण कशासाठी?

प्रश्न : उत्तर इंग्लंडमधील विंडोलांडा हा रोमन किल्ला पाहिला. पडक्या दगडी भिंतींखेरीज तेथे फारसे काही दिसले नाही. तरीही परवानगीवाचून कुदळ मारणेसुद्धा गुन्हा ठरतो, असे समजले. एवढ्या कडक संरक्षणाचे कारण काय? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपण पाहिलेल्या भिंती बऱ्याच नंतरच्या, विंडोलांडाचे खरे मोल त्यांच्याखालच्या चिखलात आहे. जवळच्या हेड्रियनच्या भिंतीचे (रोमन सम्राट हेड्रियनने साम्राज्याच्या उत्तर सीमेवर उभारलेल्या तटाचे) काम इ.स. 122च्या सुमारास सुरू झाले, पण त्याआधीच येथे लाकडी किल्ला होता. नवी पलटण आली की जुने बांधकाम पाडून त्यावर माती अंथरायची आणि पुन्हा बांधायचे, असे अनेकदा घडले. त्या ओल्या थरांत हवा न शिरल्यामुळे एरवी केव्हाच कुजले असते ते चामडे आणि लाकूड टिकले.

1973 मध्ये रॉबिन बर्ली यांच्या उत्खननात शाईने लिहिलेल्या, कागदासारख्या पातळ लाकडी पट्ट्या मिळू लागल्या. एकीत क्लॉडिया सेव्हेरा आपल्या वाढदिवसाला सल्पिशिया लेपिडिना या मैत्रिणीला बोलावते. मजकूर लेखनिकाचा असला तरी शेवटच्या जिव्हाळ्याच्या ओळी तिने स्वतः लिहिल्या आहेत. दुसऱ्या पट्टीवरील हिशेबात गँबॅक्स नावाच्या माणसापुढे दोन दिनारांची मिरी मांडली आहे. मिरी तेव्हा मलबारातून तांबड्या समुद्रामार्गे रोमन बाजारात जात असे. साम्राज्याच्या उत्तर टोकावरील छावणीत ती पोहोचली होती, हे या एका नोंदीवरून कळते. (आपल्याकडच्या वाचकांना ही नोंद वाढदिवसापेक्षा अधिक मोलाची वाटावी!)

असा थर एकदा उकरला की पुन्हा जुळवता येत नाही. म्हणूनच 1979च्या ब्रिटिश कायद्यानुसार अशा संरक्षित स्थळी खोदकाम किंवा दुरुस्ती करण्यासाठी जागेच्या मालकालाही शासनाची पूर्वसंमती घ्यावी लागते, आणि लेखी परवानगीशिवाय धातुशोधक यंत्र फिरवणे गुन्हा आहे. 1987 मध्ये मिळालेल्या जागतिक वारसा दर्जाने प्रतिष्ठा वाढली, परंतु प्रत्यक्ष रोखण्याचे काम हा देशांतर्गत कायदाच करतो.

जमीन सुकू लागली, तर मात्र कायदा तोकडा पडतो, कारण पाण्याची पातळी उतरताच हवा आत शिरते आणि कुजणे सुरू होते. जवळच्या मॅग्ना किल्ल्यात हाच धोका दिसल्याने 2023 पासून तेथे उत्खनन हाती घेण्यात आले आहे.